बारा कार्डं, बत्तीस मुलं

१२ जून, बुधवार

ही वही मराठीत लिहायची असं ठरवलं. कारण सरळ आहे. स्टाफरूममध्ये आम्ही सात जण बसतो आणि माझ्याशिवाय कोणालाही मराठी वाचता येत नाही. चारुलता मॅडम मराठी आहेत, पण त्या मुख्याध्यापिका, त्यांची खोली वेगळी. आमचे कोऑर्डिनेटर प्रशांत सर घरी मराठी बोलतात, पण आज छापील मराठी पुढे आलं तर जोडाक्षरापाशी थांबून घाम पुसायला लागले. माझीही शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी बाबांनी रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर बसवून शिकवलं. तेव्हा इथल्या चुका मीच केलेल्या आणि मीच माफ केलेल्या.

आज कुकटपल्लीच्या शाळेत रुजू झाले. इमारत सरकारी आहे, कारभार ‘अंकुरवाट’ नावाच्या संस्थेचा. संस्थेकडे अशा चौदा शाळा आहेत आणि सगळे त्यांना मिळून नेटवर्क म्हणतात. करार तीन वर्षांचा, त्यातलं हे शेवटचं वर्ष. फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक येऊन तिसरीच्या मुलांचं तेलुगू वाचन तपासणार. बत्तीसपैकी चोवीस जणांनी वाचलं तर करार पुढे चालू. नाही तर शाळेला कुलूप, आणि मुलांनी हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं.

तिसरी माझ्याकडे दिली आहे. माझी नेमणूक एप्रिलपर्यंत, पुढचं सगळं फेब्रुवारीवर. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, “बत्तीस लेकरं म्हणजे मोठी जबाबदारी आहे, सुमेधा.” मी म्हटलं, चोवीस कशाला, बत्तीसच्या बत्तीस वाचतील. त्यांनी फक्त चष्मा पुसला. बाबांना माझ्या बोलण्याचा भरवसा कधीच लगेच येत नाही.

३ जुलै, बुधवार

इथली पद्धत आता कळली. धडा टॅबवर येतो. कोणत्या मिनिटाला काय म्हणायचं, कधी टाळी द्यायची, कधी बोट ओळीखाली फिरवायचं, सगळं लिहिलेलं. चौदाही शाळांत त्या दिवशी तेच कार्ड. वर्षभरात बारा कार्डं, एकेका कार्डावर आठ ओळींची गोष्ट. प्रशांत सर मागच्या बाकावर बसून दहापैकी गुण देतात. मला साडेपाच मिळाले. टाळी उशिरा दिली म्हणे.

फेब्रुवारीची परीक्षाही ह्याच बारा कार्डांतून होणार. मुलं अनोळखी मजकुराला घाबरतात म्हणून नेटवर्कने तसं मान्य करून घेतलं आहे. मला हे फार माणुसकीचं वाटलं.

मुलं मात्र मुकी. आईबाप कारखान्यांत नाही तर बांधकामावर, घरात कुणाची हिंदी, कुणाची ओडिया, कुणाची तेलुगू. सगळ्यांत गप्प भाग्यलक्ष्मी. महबूबनगरकडून आलेल्या गवंड्याची मुलगी, तोंडात वेणीचं टोक. चौथ्या आठवड्यात तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तोही शिंकेचा.

१९ जुलै, शुक्रवार

मला सुचलं, मलाच. आई दर जयंतीला वस्तीत गाणी म्हणते. चाळीस वर्षं म्हणते आहे, एक अक्षर न लिहिता. काल ती भांडी घासताना गुणगुणत होती आणि माझ्या डोक्यात तिसरं कार्ड घोळत होतं: ‘चेरुवुलो चेपलु उन्नायि’, तळ्यात मासे आहेत. दोन्ही एकमेकांत चपखल बसलं. एखादा शब्द ओढावा लागतो, एवढंच.

आज वर्गात तिसरं कार्ड आईच्या चालीवर म्हटलं. दुसऱ्या वेळेला अर्धा वर्ग बरोबर, चौथ्या वेळेला सगळा. भाग्यलक्ष्मीने वेणी तोंडातून काढली. असा आनंद मला बी.एड.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

२२ ऑगस्ट, गुरुवार

साडेनऊ गुण. प्रशांत सरांनी व्हिडिओ काढला, तो चौदाही शाळांना जाणार आहे. व्हिडिओ चालू असतानाच वीज गेली. पावसाळी दिवस, खिडक्या बंद, वर्गात काळोख. पण एकही पोरगं थांबलं नाही, शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचन. सर म्हणाले, “कमाल आहे मॅडम, तुमच्या वर्गाला करंट पण नक्को.”

भाग्यलक्ष्मी आता सगळ्यांत पुढे. फार उतावळी. आज हातात पाचवं कार्ड आणि वाचत होती तिसरं. मी हसून कार्ड बदलून दिलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सराव परीक्षा झाली, बत्तीसपैकी एकतीस. राहिला तो एक, त्याचा घसा बसला होता म्हणून.

आता आमचा ‘आदर्श वर्ग’ आहे. दर सोमवारी इतर शाळांच्या शिक्षिका बघायला येतात. आज एक वयस्क बाई आल्या होत्या, सिकंदराबादकडच्या शाळेतल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “छान आहे. पण ही मुलं दुसरं काही वाचतात का?” मी म्हटलं, दुसरं कशाला, परीक्षा ह्याचीच आहे. त्यांनी मान हलवली आणि चहा न पिता गेल्या. एखाद्याचं बरं चाललेलं दुसऱ्याला बघवत नाही, हे शिक्षकांतही असतंच.

१ डिसेंबर, रविवार

आज दुपारी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी कार्डांना नवी प्लास्टिकची पाकिटं घालत बसले होते. आई शेजारी आली, नववं कार्ड उचललं, बोट ओळीखाली धरलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. सुरात, न चुकता. बोटही ओळीबरोबर नीट सरकत होतं. बाबा पेपर खाली ठेवून बघत राहिले.

मी विचारलं, “आई, तू तेलुगू वाचायला कधी शिकलीस?”

“मी कुठं वाचायले गं? म्हणायले. चार महिने घरात तेच तर ऐकायले.”

“मग बोट कसं बरोबर फिरलं?”

“तू जसं फिरवतीस तसं फिरवलं. सूर संपला की ओळ संपती.”

आई हसली. मी पण हसले, आणि मग हसू गेलं. काळोखात वाचणारा वर्ग आठवला. तिसरं कार्ड आठवलं. घसा बसलेला मुलगा आठवला, सूर लागेना म्हणून त्याला एक शब्दही आला नव्हता. बाबांना माझ्या आधी समजलं असावं.

२ डिसेंबर, सोमवार

टॅब कपाटात ठेवला. फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘चेपलु’. मासे. जुलैपासून हा शब्द ह्या मुलांनी हजार वेळा म्हटला असेल. एकेकाला पुढे बोलावलं.

कोणी फळ्याकडे बघे, कोणी माझ्या तोंडाकडे. भाग्यलक्ष्मी आली, पहिल्या कार्डापासून एकेक गायला लागली. तिसऱ्यातल्या माशांपर्यंत आली तशी थबकली आणि माझ्याकडे बघितलं, हाच का, असं. हुशार पोर. तिने पहिलं अक्षर ओळखलं नव्हतं, माझा चेहरा ओळखला होता.

बत्तीसपैकी सात जणांनी खरोखर वाचलं. बाकी पंचवीस जणांना मी गाणं शिकवलं. नेटवर्कला नावं ठेवता येतील, पण चाल माझी होती. आणि तो व्हिडिओ चौदा शाळांत फिरतो आहे.

४ डिसेंबर, बुधवार

प्रशांत सरांना सांगितलं. ते जिन्यात उभे होते, तिथेच बसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, “मॅडम, हौ, मला अंदाज होता. पण नक्को ना आत्ता. फेब्रुवारी निघू द्या, मग मार्चपासून तुम्ही अक्षरं घ्या, काय घ्यायचं ते घ्या. कोण अडवायलंय?”

“मार्चमध्ये अर्ध्या दिवसाची शाळा लागते, सर. एप्रिलात वर्ष संपतं आणि ही मुलं चौथीत जातात. चौथीची कार्डं अठरा आहेत.”

“मग चौथीचे टीचर बघतील.”

चारुलता मॅडमनी दार लावून घेतलं. त्यांना राग आला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, “हे बघा सुमेधा, ही शाळा मी हातात घेतली तेव्हा इथे एकोणीस मुलं होती आणि संडासाला दार नव्हतं. आज दोनशे दहा आहेत. हायवेपलीकडे किती जातील? मुली तर घरीच बसतील. तुम्ही शिकवा काय शिकवायचं ते. पण परीक्षेच्या दिवशी गप्प राहा. एवढं वचन द्या.”

मुली घरी बसतील हे खरंच आहे. मी वचन दिलं. अडीच महिन्यांत चोवीस जणांना खरं वाचायला शिकवलं तर गप्प राहण्याचा प्रश्नच येणार नाही, असा हिशेब मी करून टाकला. मला हिशेब फार लवकर जमतात.

२० डिसेंबर, शुक्रवार

गाणं बंद. बारा कार्डं कपाटात. बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, तांदळाच्या पिशव्या, बसच्या पाट्यांचे फोटो, जे कधी गायलं नाही ते सगळं आणते. मेट्रोतून उतरले की दुकानांच्या पाट्या वहीत उतरवून घेते. एका पानवाल्याने विचारलं, मॅडम इन्कम टॅक्सच्या का.

मुलांना हे आवडलेलं नाही. ओळखीचा शब्द दिसला की कुणीतरी सूर धरतं आणि अख्खा वर्ग वाहून जातो. मी टेबलावर हात आपटते. काल भाग्यलक्ष्मीने विचारलं, “मॅडम, आमचं काय चुकलं?” म्हटलं, तुमचं नाही. ती वेणी चघळत जागेवर गेली.

माझे गुण चारावर आले. सर मागे बसतात, काही लिहितात, डोळ्याला डोळा देत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

अकरा जण. पाच आठवड्यांत चारच वाढले.

आज नेटवर्ककडून पत्र आलं, टॅबवरचा धडा न घेतल्याबद्दल ताकीद. सोमवारचे पाहुणे बंद. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं बदलतं. आज पहिल्यांदा वाटलं, सोडावं आणि टॅब उघडावा. चालीवर बत्तीस मुलं छान दिसतात, सगळे खूश असतात, मलाही शांत झोप लागत होती.

घरी पत्र दाखवलं. बाबांनी ते सावकाश दोनदा वाचलं. म्हणाले, “माझ्या बापाला अंगठ्याच्या जागी सही करायला शिकवलं होतं कुणीतरी. नुसती सही, नावाचं चित्र. त्याच्या जोरावर त्याने काय काय कागदांवर सही केली, त्याला माहीत नव्हतं.” मग घडी घालून पत्र परत दिलं. ही गोष्ट त्यांनी मला आजवर कधी सांगितली नव्हती.

टॅब उघडणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपर्यंत चौदा मुलं नीट वाचत होती. चोवीस नाहीत.

परीक्षक बाई दहाला आल्या. दोन खुर्च्या, एक टेबल, बारा कार्डं. मी ठरल्याप्रमाणे दाराबाहेर. पहिली पाच मुलं आत गेली, आणि पाचही वेळा मला आईची चाल ऐकू आली. अडीच महिने मी जे बुजवत होते ते कार्ड दिसताच वर आलं. बाई खुशीत खुणा करत होत्या. चारुलता मॅडम खिडकीशी उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

सहावी भाग्यलक्ष्मी. तिला नववं कार्ड मिळालं. तिने सूर लावला आणि मला ते सहन झालं नाही. मी आत गेले आणि म्हटलं, “बाई, तिच्या हातातलं कार्ड पालथं घाला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड पालथं घातलं. भाग्यलक्ष्मी कोऱ्या बाजूवर बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत म्हणत राहिली. एकही चूक नाही. मग तिचं स्वतःच्या बोटाकडे लक्ष गेलं, तिने आमच्या तिघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि रडायला लागली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पिशवीतून दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातला उतारा काढला आणि पहिल्यापासून बत्तीसही जणांना त्यावर बसवलं. तेरा पास. सकाळी वाचणाऱ्या चौदांतला एक घाबरून अडखळला.

भाग्यलक्ष्मी नापास.

वचन मोडलं. ते मला मोडायचंच होतं, फक्त आधी कळलं नव्हतं. पण मला दुसरं कुठलंही मूल निवडता आलं असतं, किंवा नुसतं तोंडाने सांगता आलं असतं. मी त्या पोरीला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःची समजूत काढता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चारुलता मॅडम म्हणाल्या, “तुम्ही खरं बोललात आणि माझी शाळा घालवलीत. दोन्ही एकदमच.” त्या खोटं बोलत नव्हत्या.

भाग्यलक्ष्मी तीन दिवस आली नाही. आज शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीत गेले. तिची आई विटांच्या कामावर, पोर पाणी भरत होती. मी तेलुगूत म्हटलं, “चूक माझी होती. मी तुला वाचायला शिकवलंच नव्हतं, गायला शिकवलं होतं. आता शिकवते. येशील?” तिने घागर माझ्या हातात दिली. मी दोन खेपा घातल्या, साडी भिजली, घरी येऊन आईची बोलणी खाल्ली.

सोमवारी आली तर बरं.

२७ मार्च, गुरुवार

निर्णय झाला. शाळा राहते आहे. परीक्षक बाईंनी अहवालात सगळं लिहिलं: कार्डं पाठ आहेत, शिक्षिकेने स्वतः सांगितलं. त्यावरून शाळेला एक वर्षाची मुदत मिळाली, पुढच्या फेब्रुवारीत नव्या मजकुरावर परीक्षा. बाकीच्या तेरा शाळांचीही परीक्षा पुन्हा, नव्या मजकुरावर. नेटवर्कमध्ये माझं नाव आता कुणी घेत नाही म्हणे, नुसतं ‘कुकटपल्ली’ म्हणतात.

माझी नेमणूक पुढे चालणार नाही. शेवटचा दिवस तेवीस एप्रिल. पत्र प्रशांत सरांनी आणून दिलं. म्हणाले, “माझ्या पोरीला मी काल घरी फळ्यावर एक शब्द लिहून दिला, मॅडम. ती पण आपल्याच नेटवर्कमध्ये दुसरीत आहे.” एवढं म्हणून ते जिना उतरून गेले.

वाईट वाटलं. खोटं का लिहू, खूप वाटलं. मेट्रोत उभ्या उभ्या रडले आणि एका कॉलेजच्या मुलीने मला जागा दिली. मग मोजलं: अर्ध्या दिवसाच्या शाळेचे सतरा दिवस उरले आहेत. चारुलता मॅडमकडे गेले आणि सुटल्यावर एक तास जास्त मागितला. त्यांनी ड्रॉवर उघडून वर्गाची किल्ली दिली. मी निघताना म्हणाल्या, “पंखा बंद करून जात जा.”

१६ एप्रिल, बुधवार

आज वाचणारी बावीस.

भाग्यलक्ष्मी त्यांत नाही, सकाळपर्यंत तरी नव्हती. रोज येते, जादा तासालाही थांबते. अक्षरं येतात, पण माझ्यासमोर मोठ्याने वाचत नाही. ओठ घट्ट मिटून बसते. त्या दिवसानंतर मीही तिला कधी उभं केलं नाही.

दुपारी सव्वा वाजताच्या उन्हात आम्ही दोघी गेटबाहेर पडलो. गेटच्या भिंतीवर नेटवर्कने कालच नवा कागद चिकटवला आहे, हे मला माहीत होतं. मी न बघता पुढे जाणार होते. ती थांबली. वेणी तोंडात नव्हती. बोट भिंतीवर टेकवलं आणि एकेक अक्षर उचलायला लागली, कसलाही सूर नाही, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसं.

“मू… ड… व. मूडव. त… र… गति… कि.”

तिसऱ्या इयत्तेला. पुढचा शब्द लांबलचक, मध्ये जोडाक्षर. मोठी माणसंही तिथे अडखळतात.

“उ… पा… ध्या… यु… रा… लु.” मग शेवटचा, सोपा. “कावलेनु.”

तिसरीसाठी शिक्षिका पाहिजे. ह्या ओळीला कुठलीही चाल नव्हती आणि तिने ती आयुष्यात कधी ऐकली नव्हती. मला वाटलं ती आता वळून बघेल, बरोबर आलं का विचारेल. तिने विचारलं नाही. कपाळाला आठी घालून कागदाकडेच बघत राहिली.

“तप्पु राशारु, मॅडम,” ती म्हणाली. चुकीचं लिहिलंय. “आपल्याला तर टीचर आहे.”

महिनोन्महिने तिने बारा कार्डं म्हटली, एकदाही म्हणाली नव्हती की हे चुकीचं आहे.

मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. म्हटलं, “नाही. बरोबर लिहिलंय. तू वाचलंसही बरोबर. तेवीस तारखेनंतर मी इथे नसेन.”

ती रडली नाही. पुन्हा भिंतीकडे वळली आणि तीच ओळ परत वाचली, ह्या वेळी बोट न लावता, मनातल्या मनात.